शोलावरमला, कुंपणाबाहेर

सोमवार, १७ जानेवारी १९८३

मेकॅनिकचा पास एकच मिळतो, आणि तो दत्तूने विश्वनाथ साहेबांना दिला.

सात महिने मी त्या येझदी मोटरसायकलच्या इंजिनातली पोर्टं घासतोय. कारखान्याच्या टूलरूममधून सुटलं की पिपलानी कॉलनीत घरी, चहा, आणि मग अंधार पडेपर्यंत जिन्याखाली, हात तेलात. दत्तू गाडी फक्त चालवतो. चालवतो चांगली, ते मान्य. पण शर्यतीच्या दिवशी गाडीजवळ उभे राहणार विश्वनाथ साहेब! स्वतःच्या स्कूटरचा प्लगसुद्धा बदलला नसेल त्या माणसाने.

दत्तू म्हणतो, साहेब सेक्शन इन्चार्ज, त्यांनी मनावर घेतलं म्हणून दोघांनाही एकाच वेळी रजा मिळाली. आता ते स्वतःहून येतो म्हणाले, तर नाही कसं म्हणायचं? मी प्रेक्षकांतून बघावं म्हणे. मला तर लांबून आवाज ऐकूनही कळतं.

लांबून.

बुधवार, १९ जानेवारी

रात्रीचं जेवण दत्तू आमच्याकडेच घेतो. अप्रेंटिस म्हणून आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो. त्याचं घर अमरावतीला, इथे कोणी नाही, वरच्या मजल्यावर एकटाच. म्हणून आईनेच हे सुरू केलं. चार वर्षं झाली. आज तिने पहिली गरम पोळी त्याच्या ताटात टाकली. रोजच टाकते. आजच का दिसली मला?

तो गेल्यावर म्हणाली, दत्तूसारखं काहीतरी नाव काढावं माणसाने. कोणाला उद्देशून, ते तिने सांगितलं नाही. घरात दोघंच होतो.

रविवार, २३ जानेवारी

सकाळी सोनागिरीच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवून पाहिली. माझा आवाज! तिसऱ्या गिअरमध्ये जो चिरत जाणारा सूर लागतो ना, तो मी काढलाय, कानशीने, एकेक केसाइतकं घासून. रस्त्यावर पंधरा-वीस माणसं जमली. सगळे दत्तूच्या पाठीवर थाप मारत होते. "क्या गाड़ी बनाई है दत्तू भाई." दत्तू म्हणाला, जयंतने बनवली. कोणी ऐकलं नाही. त्याने दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

शनिवार, २९ जानेवारी

काही नाही. साहेबांनी नवी पांढरी टोपी घेतली.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी. मद्रास

काल जी.टी. एक्सप्रेसने निघालो. गाडी सामानाच्या डब्यात. साहेबांनी पूर्ण प्रवासात दत्तूला शर्यत कशी जिंकायची ते सांगितलं. बल्लारशाला मी खाली उतरून येझदी नीट बांधलेली आहे का ते बघून आलो. माझ्यासाठी चहा घेऊन ठेवला होता दत्तूने. गार झाला होता. प्यायलो नाही.

शनिवार, ५ फेब्रुवारी. शोलावरम

मद्रासपासून तासाभरावर जुनी विमानाची धावपट्टी आहे. तिच्यावरच शर्यती होतात. सपाट, उजाड, डोळे दिपवणारं ऊन. एवढी माणसं मी जत्रेतही पाहिली नाहीत. गवताच्या गंज्या रचून वळणं केलीत. मध्ये तारेचं कुंपण. तिकडे पासवाले, इकडे मी.

आज सरावाच्या फेऱ्या होत्या. दत्तूची वेळ सातव्या नंबरची लागली. वरच्या वेगात इंजिन किंचित गुदमरतं, मला ते इथून कळलं. संध्याकाळी तो गाडी ढकलत कुंपणापाशी घेऊन आला, म्हणाला कान लाव जरा. मी तारेतून हात घालून कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवला. आवाज मोकळा झाला. दत्तूचा चेहरा उजळला.

तेवढ्यात साहेब आले. जुनी साखळी सैल होती, त्यांनी आत्ताच नवी चढवली होती, स्वतःच्या हाताने. सांगताना हात पुसत होते. मी खाली बघितलं.

साखळीच्या जोडकडीला घोड्याच्या नालेसारखी एक लहान क्लिप असते. तिचं बंद टोक साखळी धावते त्या दिशेला हवं. उघडं टोक पुढे राहिलं तर क्लिप कशालातरी अडकून निघते, साखळी सुटते, मागचं चाक जाम होतं. ताशी शंभराच्या पुढे जाम होतं. टूलरूममधल्या कुठल्याही पोराला माहीत असतं.

उघडं टोक पुढे होतं.

साहेब हसत होते. दत्तू माझ्याकडे बघत होता. साहेबांसमोर मी आत्ता बोललो, तर दत्तू कोणाचं ऐकेल — असं काहीतरी मनात आलं. मग आलं, पास ज्याच्याकडे त्याने बघावं. मी म्हणालो, ठीक आहे सगळं. आणि लॉजवर निघून आलो.

रविवार, ६ फेब्रुवारी

सकाळी लवकर गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो. फाटकावरच्या माणसाने पास मागितला. मी म्हणालो, रायडरला निरोप द्यायचाय, जरुरीचं आहे. त्याने मान हलवली आणि बाजूला हो अशी खूण केली. मी बाजूला झालो. एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं, ओरडलो असतो, तर दत्तूने ऐकलं असतं. रायडरांचा तंबू काही लांब नव्हता.

मग पहिल्या तीव्र वळणापाशी जागा धरली. शेजारी एक म्हातारे गृहस्थ, छत्री उघडून बसलेले. रेल्वेत गार्ड होते म्हणाले, वीस वर्षं न चुकता येतात. मला ताक दिलं. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं.

आठ फेऱ्या. दत्तूचा नंबर सत्तावीस. सुटला तो सातवा, पहिल्या फेरीला पाचवा. आवाज असा, की अंगावर काटा आला. बाकीच्या बावीस गाड्यांतून मला फक्त ती एक ऐकू येत होती. प्रत्येक वेळी तो समोरून गेला की मी त्याच्या चेहऱ्याकडे नाही, साखळीकडे बघायचो. अर्थात काही दिसत नव्हतं. नुसती चकाकणारी रेघ.

चौथ्या फेरीला तिसरा. लोक सत्तावीस, सत्तावीस करायला लागले. म्हातारेही उठून उभे राहिले.

सहाव्या फेरीला पलीकडच्या टोकाला कोणीतरी पडलं. धुरळा उठला, गवताची गंजी उडाली, एक गाडी आडवी सरकत गेली. सगळे ओरडले. लाल हेल्मेट. दत्तूचं लाल आहे.

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायचं नाही असं लॉजवर येताना ठरवलं होतं. लिहितो. मला बरं वाटलं. एवढंसंच, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. मग मी म्हाताऱ्यांचा दंड धरला. मग तोच सूर आला, माझा सूर, आणि सत्तावीस नंबर समोरून गेला. पडला तो दुसराच कोणी होता. तोही उठून चालत बाहेर गेला.

दत्तू दुसरा आला. पहिल्यापेक्षा एका गाडीच्या लांबीने मागे.

म्हाताऱ्यांनी विचारलं, तुम्ही एवढे घाबरलात, तो सत्तावीस तुमच्या ओळखीचा आहे का?

मी म्हणालो, नाही.

सोमवार, ७ फेब्रुवारी. गाडीत

स्टेशनवर येझदी सामानाच्या डब्यात चढवताना खाली वाकून पाहिलं. क्लिप बरोबर आहे. बंद टोक पुढे. पुन्हा पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. बरोबरच आहे.

म्हणजे शनिवारी मीच चुकलो. तिरपं ऊन होतं, तारेमधून बघत होतो. उगीच जीव टांगणीला लावला. काही झालं नाही, काही होणारच नव्हतं. आज पोटभर जेवलो. साहेब तिसऱ्यांदा शर्यत सांगताहेत.

शनिवार, १२ फेब्रुवारी

क्लबात सत्कार. दत्तूला शाल, नारळ. साहेबांचं भाषण पाव तास. आपल्या सेक्शनच्या सांघिक कामाचा विजय, वगैरे. नवी साखळी आयत्या वेळी आपण कशी चढवली तेही सांगितलं. टाळ्या. आई पहिल्या रांगेत, डोळे पुसत होती. माझ्यासाठी नाही.

दत्तूला बोलायला सांगितलं तर तो माइकपाशी गेला आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, गाडी जयंतने बनवली, मी फक्त बसलो. यावेळी सगळ्यांनी ऐकलं. लोक मागे वळून बघायला लागले. हेच तर मला हवं होतं इतके दिवस! आणि मला वाटलं, खाली बसावं, दिसू नये कोणाला.

सोमवार, १४ फेब्रुवारी

दत्तू जेवण झालं तरी उठत नाही हल्ली. आई झाकपाक करून आत जाते, तरी बसून राहतो. मी पेपर वाचतो. आज त्याने विचारलं, काही बोलायचंय का तुला? मी म्हणालो, झोप आलीये.

मंगळवार, १५ फेब्रुवारी

सुटून घरी येताना दत्तूने जिन्यात थांबवलं. आवाज अगदी शांत. "शोलावरमला त्या शनिवारी साखळीकडे बघून तुझं तोंड बदललं, जयंत. तू गेलास तसा मी वाकून बघितलं. क्लिप काढून फिरवून बसवली. आज दहा दिवस झाले. वाट बघतोय, तू कधी सांगशील म्हणून."

मी म्हणालो, चल, आईने जेवण केलं असेल.

आईने त्याचं ताट वाढून ठेवलं होतं. तो आला नाही.