चुन्याच्या भिंतींचे घर

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

मी, तुझा मामा, वाणिज्य पदवीधर, वय चौपन्न, वस्तीच्या पुनर्वसन समितीचा चिटणीस, हे पत्र तू काढलेल्या नव्या घरांच्या नकाशाबाबत लिहीत आहे. तुझा खोकला गेला असावा. माझे गुडघे पूर्ववत, म्हणजे वाईट.

अकरा वर्षे भांडून आपल्या चाळीस कुटुंबांना घराचा हक्क मिळाला. आता नकाशावर संमती हवी. परंतु लोक नकाशा उलटा धरूनही माना डोलावू लागले, तेव्हा मी मैदानात तुझ्या नकाशातले एक घर, लगतच्या घरासकट, चुन्याने खऱ्या मापाचे आखले. (माप तीनदा घेतले. अविश्वास तुझ्यावर नाही, टेपवर आहे.) निवृत्त पहारेकरी आत आडवे झाले, तर पाय शेजारणीच्या स्वयंपाकघरात. अतिक्रमण हटवावे, अशी तिने माझ्याकडे रीतसर तक्रार केली. दुपारपर्यंत चुन्याच्या भिंती कोणी ओलांडेना. सगळे दारातून, चपला बाहेर काढून येऊ लागले. मीही एकदा नसलेल्या दारावर टकटक केली, हे मामीला कळवू नये.

मग ताई, म्हणजे तुझी आई, शिवणयंत्र घेऊन आली. तिचे पोट अजून त्यावरच आहे, आणि तुझ्याकडे राहायला येण्याचे ती नाव काढत नाही. यंत्र उजेडाकडे ठेवले तर दार उघडेना, सरकवले तर खाट मावेना. उरला न्हाणीघरालगतचा कोपरा, बिनखिडकीचा. मैदानात अंधार नव्हता, म्हणून तिने डोळे मिटून सुईत दोरा ओवून पाहिला. चारदा चुकला.

“होईल सवय,” ती म्हणाली.

हक्काच्या आदेशात चौरस फूट लिहिलेले असतात, उजेड नसतो. तो तुम्ही आर्किटेक्ट मंडळींनीच काढायचा असतो. तीस वर्षांच्या नोकरीत विनापरवानगी रेघही न खोडलेल्या मी त्या कोपऱ्यातली तुझी दोन फूट भिंत बुटाने पुसली. बाकी नकाशा उत्तम आहे.

तुझा मामा (चिटणीस)
स्थळ : मैदान, तुझी बाहेरची खोली (छताअभावी टोपी घालून)
दिनांक : नऊ, सोमवार

ता.क. संमतीच्या एकोणचाळीस सह्या सोबत आहेत. चाळिसावी, माझी, त्या दोन फुटांत खिडकी आल्यावर मिळेल.

पुन्हा ता.क. सर्वांत वरची सही तुझ्या आईची. मैदान आखण्यापूर्वीच, नकाशाची घडीही न उघडता केलेली. म्हणाली, “पोराने काढलंय, त्यात काय बघायचं?”