साठीतली बाळंतीण

सोलापूर, गुरुवार

तीर्थस्वरूप सिद्धेश्वरी अक्कास,

धाकट्या शिवलीलेचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग आपला रिवाज म्हणून. सध्या माझी जीभ तेवढी माझं ऐकते, बाकीची अंगं संपावर आहेत.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची साखर ताब्यात आहे, की अजून दुकानामागं लपून पेढे चालू आहेत? फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. मी इथं शिंकले तरी तुझी सून संध्याकाळच्या आत पुण्याला माझ्या मल्लिनाथला काढा सुचवते. खालच्या मजल्यावरच्या यास्मीनचे यजमान इमामसाबभाई उद्या टेम्पो घेऊन टेंभुर्णीला येतायत, त्यांच्या हाती हे पाठवते. एकटीनं वाच.

तर, तू कुंभारीची गुरम्मा मालीशला पाठवलीस, उपकार झाले. पण तिला सांगितलंस काय? ‘लेकीच्या बाळंतपणापासून हिनं अंग धरलंय.’ आता हे खोटं नाही. अपेक्षाच्या बाळंतपणाला मी अमेरिकेला गेले, तिच्या परसात गवतावर शेंगा फोडत बसले आणि तिळाएवढी गोचीड चावली. तिच्यातून हा लाईम नावाचा आजार लागला. (आपण दोघींनी लहानपणी म्हशींच्या गोचिडी हातानं उपटल्या, एकीनंही आपल्या केसाला धक्का लावला नाही. तिकडच्या गोचिडीला पाहुण्यांचीही चाड नाही.) औषधं झाली, जंतू गेले म्हणतात, पण दुखणं काही मुक्काम हलवत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की मालीश करा, पण हलक्या हातानं. जोर लावलात तर अंग पुढं कितीतरी दिवस सूड उगवेल.

गुरम्माच्या कानात मात्र एकच शब्द राहिला होता, बाळंतपण. आल्या आल्या तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडे असं काही पाहिलं, की मीच पदर सारखा केला. मग पिशवीतून शेगडी निघाली, ओवा, बाळंतशेपा आणि पोट आवळायला जुनं लुगडं निघालं. मला वाटलं, असेल हिची पद्धत. पालथी पडले आणि तिनं पाठीत कोपर घातलं. “लई गाठी हायत की हो बाई. बाळंतरोग असाच मुरतोय,” म्हणाली. मी ‘अगं बाळंतरोग कसला’ म्हणणार होते, पण तोंडातून नुसता वारा गेला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “लेकरू कुटं हाय?” नातवाची चौकशी करते असं वाटून मी कौतुकानं सांगितलं, “अमेरिकेत.” “ओलं लेकरू तितं टाकून आलासा व्हय?” आणि तो सगळा संताप तिनं माझ्या दंडांवर काढला.

नंतर कढत पाणी, नंतर धुरी. ओव्याचा धूर जिन्यावरून खाली गेला आणि यास्मीन धावत वर आली, “आपा, किसकू हुआ? लड़का के लड़की?” समोर मी, लुगड्यात करकचून बांधलेली, केसांतून तेल गळतंय. ती दारातच बसली, हसून हसून. (आत्ताही शेजारी बसून हसते आहे.) बाळंतिणीच्या खोलीत चप्पल घालून आली म्हणून गुरम्मानं तिलाही झापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायला गेले, पण अंग गादीवरच राहिलं. उखळात घालून कांडल्यासारखं दुखत होतं, अजूनही दुखतंय. गोळी घेते, शेकते, पाणी पिते, पुन्हा पडते. पण सात रस्ता चौकातला माझा शिवणक्लास बंद ठेवलेला नाही. पोरींना घरीच बोलावलं आणि खाटेवर पडल्या पडल्या तोंडानं ब्लाउज कापले. बाहीचा मुंढा जास्त खोल चालला की मला कात्रीच्या आवाजावरून कळतं.

मल्लिनाथ म्हणतो, क्लास बंद कर आणि कायमची पुण्याला ये. फोनवर खोलीही दाखवली, खिडकीतून पार्किंग दिसतं. मुलगा चांगला, सून चांगली, तिथं मला कुणी काही कमी पडू देणार नाही. त्याचीच तर भीती वाटते. अक्का, मला राग येतो. आजाराचा येतो, आणि ‘आता आराम करा’ म्हणणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो. बऱ्या दिवशी मी ढीगभर ब्लाउज बेतते, वाईट दिवशी पडून पोरींवर ओरडते, पण दोन्ही दिवस माझे असतात. दुखायचं असेल तर सोलापुरात दुखेल. मी इथून हलणार नाही, आणि मला कुणाची गरजही नाही, हे दाजींनाही सांग.

नातवंडांना आशीर्वाद.

तुझी,
शिवलीला

ता. क. मल्लिनाथ रविवारी येतोय, ‘सहज’. व्हिडिओवर मी आडवी दिसले की शवासन चाललंय असं सांगत होते. रोज शवासन बघून त्याला संशय आला असावा. शेजाऱ्याची मोठी गाडी मागून आणतोय, यावरून काय ते समज.

ता. क. दुसरा. तू शनिवारी ये. माझा हात खांद्याच्या वर जात नाही, वेणी घालता येत नाही, आणि तो आधी केसच बघेल. चांगली घट्ट घालून दे. त्याला सांग, गुडघ्यांनी तुला बेजार केलं म्हणून तू माझ्याकडे आलीस आणि मीच तुझं सगळं करते. अधूनमधून कण्हलीस तर बरं.

ता. क. तिसरा. गुरम्माला रागावू नकोस. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला गाढ झोप लागली. तिला पुन्हा पाठव, फक्त लेकरू कुणाचं ते आधी नीट समजावून सांग.

अक्का, मी यास्मीन. आपांनी सांगितलं तसं मी लिहिलं, त्यांना पेन धरवत नाही. एवढंच माझ्या मनाचं आहे. शनिवारची वाट बघू नका, उद्याच आमच्या यांच्या परतीच्या टेम्पोत बसून या. इतका वेळ काय लिहितेस म्हणून आपा विचारतायत. पत्ता लिहिते म्हटलं.