आईला विचारायचं कसं

२ नोव्हें., रवि.
मिलिंदचा फोन. गंगापूर रोडच्या पुढे एक केअर सेंटर आहे, तिथे आईसाठी खोली धरून ठेवलीय. महिनाअखेरपर्यंत. ३० ला पुण्याहून स्वतः येतो म्हणाला. "ताई, तुझी पाठ बघ. आईला उचलता उचलता दोघी पडाल." खोटं नाही. मंगळवारी कमोडवरून उठवताना पडलोच होतो. ती चौऱ्याऐंशीची, मी एकसष्टची. म्हातारीला म्हातारीचा आधार! डॉ.नी मला वजन उचलायची बंदी केली आहे, कमरेला पट्टाही दिलाय.

पण आईला न विचारता कशी पाठवू? आणि विचारू कसं? जूनमध्ये झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. सगळ्याला एकच उत्तर, "ता." चहा हवा? ता. दुखतंय? ता. मानेचाही भरवसा नाही, हो म्हणून हलवते आणि कप ढकलून देते.

५ नोव्हें., बुध. पौर्णिमा.
विहारातल्या बायका आज घरीच आल्या. साळवे मावशींचा हट्ट. "तीस वर्षं हिनं आमच्याकडून वंदना म्हणून घेतली. आता हिच्या दारात आम्ही यायचं नाय का?" मी स्वतः वर्षातून दोनदा विहारात जाणारी, तेही आईच्या धाकाने. त्यामुळे चहाचं निमित्त करून आत सटकले.

बाहेर त्रिशरण सुरू झालं. आणि त्यात आईचा आवाज.

धावत आले. आई म्हणत होती. शब्दन् शब्द, कुठे अडखळणं नाही. मग पंचशील, तेही पुरं. त्यांच्यातली एक सूनबाई घाई करायला लागली तर आईने डोळे वटारले, थेट पूर्वीसारखे. मावशी रडत होत्या आणि म्हणतही होत्या.

संपल्यावर वाकून विचारलं, "आई, पाणी देऊ?"
"ता."

चहा उतू गेला होता. तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, दोन आणि दोन चारच होतात यावर पोट भरलं. आज ते जुळेना.

७ नोव्हें., शुक्र.
स्पीच थेरपीच्या मॅडमना सगळं सांगितलं. बाईंना काडीचं आश्चर्य नाही! म्हणाल्या, पाठ असलेलं, सुरातलं, ते मेंदूत वेगळ्या वाटेनेही येतं. "काकू, त्याच चालीत छोटे शब्द घालून बघा. त्यांच्या डाव्या हाताने मांडीवर ठेका धरा."

वंदनेच्या चालीत पाणी मागायचं? मला प्रशस्त वाटेना. मावशींना विचारलं. "तहानलेल्याला पाणी भेटलं तर कोणाला राग येणार हाय?"

१४ नोव्हें., शुक्र.
आठवडाभर रोज दोनदा बसलो. माझा गळा म्हणजे आनंदच. आईने दोनदा कपाळाला आठ्या घातल्या, त्यातच मी खूश.

आज सकाळी ठेका धरला आणि ती म्हणाली, "पा-णी दे."

दिलं. परत "पाणी दे." परत दिलं. परत. तीन भांडी पाजली. घाबरून मॅडमना फोन, शुगर वाढली असेल का? दुपारी मावशी आल्या, ऐकून हसून हसून बेजार. "अगं बाई, त्रिशरण किती वेळा म्हणत्यात?"

तीनदा. म्हणून हिने पाणीही तीनदा मागितलं. तहान एकाच भांड्याची होती. गणिताची बाई, आणि तीनपर्यंत मोजता आलं नाही.

आईच्या गादीवरची चादर दोनदा बदलली. पाठ ठणकतेय. तरी आज सारखं हसू येतंय.

२१ नोव्हें., शुक्र.
आता चार शब्द आहेत. पाणी, नको, उशी, दुखतं.

"दुखतं" काल आलं. विचारलं कुठे, तर डावा हात टाचेकडे. मोजा काढला. टाच लाल, कातडी सुटायला आलेली. मी पाच महिने हिचा खांदा चोळतेय! रोज "ता" म्हणत होती ती, म्हणजे हेच सांगत असेल का? किती काय काय सांगितलं असेल. टाचेखाली उशी, डॉ.नी मलम दिलंय. मी मोरीत जाऊन रडले.

आत सगळं शाबूत आहे. सगळं. बाहेरून कडी लागली होती फक्त.

२६ नोव्हें., बुध.
मि.: "विचारलंस तिला?"
मी: "अजून तेवढे शब्द नाहीत तिच्याकडे."
थाप. 'जाते' आणि 'नको' एवढ्यावर भागेल. मलाच भीती वाटते. नको म्हणाली तर माझी पाठ किती दिवस निभावेल? जाते म्हणाली तर... तर मला वाईट वाटेल, आणि मनातून बरंही वाटेल. ते बरं वाटणं मला बघायचं नाहीये.

२७ नोव्हें.
नाही विचारलं.

२९ नोव्हें., शनि.
विचारलं. दुपारी, जेवण झाल्यावर. तिचा डावा हात माझ्या हातात, मांडीवर ठेका, चाल तीच. "जायचं का? की नको?" आधी मी म्हटलं, मग दोघींनी ठेका धरून तिच्या उत्तराची वाट पाहिली.

तिने ठेका थांबवला. हात सोडवून घेतला, आणि माझ्या कमरेच्या पट्ट्यावर ठेवला. ओठ जुळवायला फार कष्ट पडले. चालीत नाही, कशात नाही, साधं आपलं बोलावं तसं म्हणाली,

"दमली... पोर."

पाच महिन्यांनी बोललेलं स्वतःचं पहिलं वाक्य. कुणी शिकवलेलं नाही, पाठ केलेलं नाही. एकसष्ट वर्षांची पोर.

मग डोळे मिटून झोपली.

मि. सकाळी दहापर्यंत येतोय. विचारेल, काय म्हणाली आई? तिने हो म्हटलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.