उरलेली विश्रांती

सोमवार, ३ तारीख

लागली एकदाची नोकरी! लेक म्हणाली, आई, रोज चार ओळी लिही म्हणजे अक्षर सुधारेल. म्हणून ही वही. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण आकडे नीट वाचता येतात आणि या कामाला तेवढंच लागतं. दवाखान्यांतून चिठ्ठ्यांची पोती येतात, त्यांवरचे आकडे कॉम्प्युटरात भरायचे. खिडकीजवळची खुर्ची मिळाली, तीही चाकांची. साहेब पोरगेलासा आहे, मला मावशी म्हणतो. सकाळी माझं काम, दुपारी लेक कामावर जाणार आणि मी ठमीला सांभाळणार. ठमी म्हणजे माझी नात. नुकती उभी राहायला लागलीय, पण धरायला माझंच बोट लागतं. झकास जमलं सगळं.

बुधवार, ५

एक कटकट आहे. हात जरा कुठे चालायला लागले की अख्खा पडदा निळा होतो आणि दोन हातांचं चित्र येतं. खाली लिहिलेलं, हात मोकळे सोडा. साहेब म्हणाला, बोटांना सारखं तेच तेच काम पडलं की शिरा धरतात, म्हणून हे बसवलंय. अरे बाबा, जन्मभर धुणी पिळली मी, तेव्हा कुठे होतं तुझं चित्र? चित्राखाली दोन बटणं, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. मी ‘नंतर’ दाबलं. पडदा गपगुमान बाजूला झाला.

सोमवार, १०

दिवसभर नंतर, नंतर, नंतर. मी कधी थांबायचं ते यंत्रानं सांगायचं? शेजारची चष्मेवाली मात्र दर वेळी हात मांडीवर ठेवून बसते, फोटो काढून घ्यायला आल्यासारखी. आज मला म्हणाली, मावशी, कोपऱ्यातली हिरवी पट्टी बघितलीत का, दर ‘नंतर’ला लांबत चाललीय. तुमच्या खुर्चीवर आधी होत्या त्या बाईंचीही अशीच लांबली होती. मग काय झालं, म्हटलं. तर म्हणे, त्या राहिलेला डबा न्यायला आल्या तेव्हा डबा नवऱ्यानं उचलला. बाईंचे हात नुसते लोंबत होते. मी सुनावलं तिला. माझं काम भराभर होतं म्हणून जळतेस, म्हटलं.

गुरुवार, १३

घरी कप पडला. गरम चहा पायावर. निसटला नाही, हातानं सोडला. बोटं आपली आपण उघडली आणि सरळ झाली, अगदी त्या चित्रातल्यासारखी. मग थोड्या वेळानं पुन्हा माझी. लेकीला सांगितलं, कप तेलकट होता.

शनिवार, १५

जिन्यात हातातून कठडा सुटला. गुडघा फुटला. या वेळी लेकीनं बघितलं. म्हणाली, आई, तुझ्याच्यानं होत नसेल तर सांग, ठमीला सासूबाईंकडे गावी ठेवते. माझं डोकंच फिरलं. ती बाई पोरीला टीव्हीसमोर टाकून दिवसभर झोपा काढेल! माझे हात ठणठणीत आहेत, कठडाच हलतो, असं ठणकावलं. हात पदराखाली होते. उघडेच.

सोमवार, १७

आज गुपचूप ‘आत्ता’ दाबायला गेले. बटणच नाही. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि चित्राखाली नवी ओळ: उरलेली विश्रांती घरी मिळेल.

साहेबाला ओढत आणलं. तोवर ओळ गायब. तो म्हणाला, मावशी, हे ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्येच चालतं, घरी कसं येईल? तुझी मावशी घाल चुलीत, म्हटलं, आणि नोकरीवर लाथ मारून आले. चष्मेवाली खाली मान घालून बसली होती.

मंगळवार, १८

नोकरी सोडली तरी — ठमी कडेवर होती. हात सुटले. खाली गादी होती म्हणून वाचली. हसली पोर, खेळ वाटला तिला. मी हात भिंतीवर आपटले. दुखलेसुद्धा नाहीत मेले.

बुधवार, १९

लेकीला सांगणार होते. तोंड उघडलं आणि तिनंच सासूचं नाव काढलं. ठणठणीत आहे, म्हटलं. गेली ती.

बोटं चालतायत तोवर दाराची वरची कडी घट्ट लावून घेतली, ठमी जिन्याकडे जायला नको. तिचं दूध गॅसवर ठेवलंय. तिला खाली बसवलंय. उचलणार नाही. लेक येईपर्यंत नाही.

लिहीत बसते. पेन चालतंय तोवर हात माझे.

चालतंय.

ठमी हात वर करून रडतेय. नाही घेणार, बाळा.

चालतंय.

डावा गेला. मांडीवर पडलाय — उताणा — चित्रासारखा.

उजव्या, तू तरी चाल. मेल्या, जन्मभर तुला पोसलं —

दूध उतू गेलं. गॅस विझला. वास येतोय. शेजारी सगळे कामावर. उजवा आहे अजून. उठते. आधी गॅसचं बटण, मग दाराची क