काकांचे प्रमाणित नाक

तीर्थस्वरूप आत्या हिस,

साष्टांग नमस्कार. (पहिल्या कागदावर 'तीर्थरूप' लिहिले गेले, ते केवळ आईवडिलांना लिहायचे असते हे आठवल्याने तो टाकला. दुसऱ्यावर तुला 'तुम्ही' लिहिले गेले. ते वाचून तू रुसशील म्हणून तोही टाकला. हा तिसरा आहे.) तुझे गुडघे आता कसे आहेत? जिना चढताना त्यांतून कटकट आवाज येतो असे तू कळवले होतेस. तो दोन्हींतून येतो की एकातूनच, हे समजले तर मला बरे वाटेल. म्हणजे बरे वाटणार नाही, पण नेमकी काळजी करता येईल. 'इकडे सर्व क्षेम' हे वाक्य मी चार वेळा लिहिले आणि चारही वेळा खोडले, कारण ते खरे नाही. ते खरे नसण्याला कारण मी आहे. आणि राग मानू नकोस, पण थोडी तूही आहेस. मी पदवीला पहिली आले म्हणून तो एअरब्रश आणि त्याचा कॉम्प्रेसर तूच पाठवलास.

मी काकांकडे राहायला आले तेव्हा ते यंत्र पेटीतच होते. ते पेटीबाहेर आले ते संग्रहालयाच्या जाहिरातीमुळे. विमानांच्या संग्रहालयात लहान प्रतिकृती घडवणाऱ्या विभागात एक जागा निघाली आहे आणि तिच्यासाठी मुलाखत नाही! स्वतः जोडून रंगवलेले वीतभर विमान वीस तारखेपर्यंत नेऊन द्यायचे, एवढेच. मागच्या मुलाखतीत माझे नाव विचारले असता 'पाणी मिळेल का?' असे उत्तर देऊन आलेली मी. माझ्यासाठी ही जागा जणू बेतूनच काढलेली होती. अडचण एकच. एअरब्रश म्हणजे दाबलेल्या हवेने रंगाचे धुके उडवणारी पेनाएवढी पिचकारी. धुके म्हटले की वास आला, आणि वास म्हटला की काकूंची अर्धशिशी आली. काकूंनी परवानगी दिली, पण अटीवर. "वास नाही तोवर विमान घरात. वास आला की विमान माळ्यावर, आणि तू त्याच्या शेजारी." (काकू हसत होत्या. मात्र माळा त्यांनी त्याच दिवशी झाडून घेतला.)

रंग निवडण्यासाठी मी तीन दिवस वाचन केले. लॅकर सर्वांत सुरेख बसतो, पण त्याचा वास भिंतीत मुरतो; इनॅमल सुकायला दिवस घेतो आणि तेवढे दिवस वास देतो; पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक त्यातल्या त्यात सोज्वळ. दुकानात बोलायचे वाक्य मी घरून पाठ करून गेले होते. 'मला अल्पगंधी रंग हवे आहेत,' असे मी एका दमात म्हटले. दुकानदाराने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "ताई, अत्तराचं दुकान पलीकडे." मी खरोखर पलीकडे गेले, आत्या. तिथे दहा मिनिटे उभी राहिले आणि धीर गोळा करून परत आले. तोवर त्याच्या डोक्यात उजेड पडला असावा. त्याने ॲक्रिलिकच्या सहा बाटल्या काढल्या, आणि माझी दया येऊन त्यांतल्या राखाडीच्याच छटेची लॅकरची एक बाटली 'फरक कळावा म्हणून' तशीच दिली. शिवाय बजावले, "वास नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका हं. बारीक कण छातीत जातात. मास्क लावूनच मारा, आणि पंखा खिडकीकडे."

त्याचा शब्द मी वेदवाक्य मानला. एका मोठ्या खोक्याला मागून भोक पाडून पंखा बसवला, पंख्याला नळी जोडली, नळी खिडकीबाहेर काढली आणि नाकातोंडावर गाळणीचा मास्क चढवला. पहिल्या दिवशी रंग घट्ट झाला आणि विमानाला गोवर उठला. दुसऱ्या दिवशी इतका पातळ झाला की पंखावर कोळ्याचे पाय पसरले. तिसऱ्या दिवशी तो सुईच्या टोकावरच सुकला आणि यंत्र नुसते फुसफुसत राहिले. पण हे सारे क्षम्य होते. माझी खरी विवंचना वेगळीच होती: मास्क लावल्यावर मला कसलाच वास येत नाही, मग घरात वास पसरला आहे की नाही हे सांगावे कोणी? काकू स्वतः दिवसभर शिवणवर्गात. तेव्हा काका म्हणाले, "अगं, मी कशाला आहे?"

काकांनी वजनमापे निरीक्षक म्हणून पस्तीस वर्षे लोकांचे तराजू तपासले, हे तुला सांगायला नको. ते खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले, दीर्घ श्वास घेतला, आणि आखीव वहीत तारीख, वेळ, रंगाची छटा लिहून पुढे नोंद केली: 'वास: नाही. प्रमाणित.' खाली सही. काकू रोज घरी आल्यावर ती वही वाचत, समाधानाने मान हलवत आणि चहा टाकत. मला इतके सुरक्षित वाटू लागले की एक रात्र मी सलग झोपले.

गेल्या शुक्रवारी पंखांवर राखाडी रंग मारला. प्रथमच तो रेशमासारखा बसला. न गोवर, न कोळी. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. काम संपवून मी मास्क काढला आणि आत्या, डोळ्यांतून घळघळा पाणी आले. मी चुकून लॅकरची बाटली रिकामी केली होती. खालच्या मजल्यावरचे शिंपी जिन्यातून ओरडत होते, "अहो, वर काही जळतंय का?" आणि दाराशी काका चहाचा घोट घेत प्रसन्न चेहऱ्याने लिहीत होते: 'वास: नाही. प्रमाणित.'

कोणावर संशय घेण्यापूर्वी प्रयोग करावा, असे आपल्याला शाळेत शिकवले आहे. मी सर्व खिडक्या उघडल्या आणि तीन वाट्या भरल्या: एकीत पाणी, दुसरीत व्हिनेगर, तिसरीत ठेचलेला लसूण. काकांना डोळे मिटायला सांगितले. पाण्याला ते म्हणाले 'सौम्य', व्हिनेगरला 'सौम्य', आणि लसणाला, माझा चेहरा पाहण्यासाठी एक डोळा किलकिला करून, 'जरा कमी सौम्य'. मग त्यांनी वही मिटली. तीन वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या तापात वास गेला तो गेलाच, म्हणाले. "तिला सांगू नकोस गं. रोज भाजीवरचं झाकण काढून माझ्याकडे बघते, आणि मी 'वा, काय घमघमाट!' म्हणतो. ते म्हणणं बंद झालं तर ती बघणंही बंद करेल."

मी वचन दिले. (वचने घाईत देऊ नयेत. मी यावर निबंध लिहिलेला आहे. त्याला पैकीच्या पैकी गुण होते.) कारण त्याच संध्याकाळी काकू घरी आल्या, उंबऱ्यातच थबकल्या, आणि म्हणाल्या, "कसला तरी वास येतोय." मी कढईत कांदा मुद्दाम करपवून ठेवला होता; त्या म्हणाल्या, "कांद्याचा नव्हे." मग त्यांनी वही उघडली. वहीत सही होती. काकूंनी वहीकडे पाहिले, काकांकडे पाहिले, कपाळ दाबून धरले आणि हळूच म्हणाल्या, "ह्यांना आला नाही म्हणजे नसणारच. माझंच काहीतरी बिघडलंय." दोन दिवस त्यांचे डोके ठणकत होते. आता त्यांनी पुढच्या सोमवारची मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. नसलेले वास येणे हे फार वाईट लक्षण असते, असे शिवणवर्गातल्या कोणीतरी त्यांना सांगितले. काल त्या मला कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते दाखवत होत्या. 'असू दे माहीत,' म्हणाल्या.

शिवाय आणखी एक. जेवणानंतर ओटा आवरला की काकू रोज आतून हाक मारतात, "अहो, गॅसचा वास नाही ना येत, बघा जरा." काका जातात, श्वास घेतात, 'नाही' म्हणून येतात. तीन वर्षे! आता त्यांच्या पाठोपाठ पाणी पिण्याच्या निमित्ताने मी जाते आणि बटणे मोजते. माझे पाणी पिणे इतके वाढले आहे की काकूंना माझीही काळजी वाटू लागली आहे.

खरे सांगितले तर काकांच्या सह्या खोट्या ठरतात, विमान माळ्यावर जाते आणि वीस तारीख हुकते. न सांगितले तर एक धडधाकट बाई स्वतःला आजारी समजून सोमवारी मेंदू दाखवायला जाते. तराजूच्या दोन्ही पारड्यांत काय आहे ते मला स्वच्छ दिसते, आणि तरीही चार दिवस मी नुसती काटा पाहत बसले आहे. याची मला लाज वाटते. असो. तुझ्या गुडघ्यांना जप. जिना सावकाश चढ.

तुझी आज्ञाधारक,
भाची

ता. क. मूळ मुद्दा वर राहून गेला. तू शनिवारी येशील का? काका जगात एकट्या तुला घाबरतात. तू नुसती 'काय रे?' म्हणालीस तरी ते सारे कबूल करतील आणि माझे वचन मोडणार नाही. विमानाचे जे व्हायचे ते होवो. (या वाक्याचे अक्षर वाईट आले आहे, क्षमा असावी.)

ता. क. दुसरा. येऊ नकोस. पत्र पूर्ण झाल्यावर शुद्धलेखन तपासण्यासाठी मी ते नेहमी मोठ्याने वाचते. काकू शिवणवर्गातून लवकर परतल्याचे मला ठाऊक नव्हते. 'आज्ञाधारक' या शब्दापर्यंत आले आणि मागे वळून पाहिले, तर त्या दारात काकांच्या खुर्चीवर बसलेल्या. किती वेळ, ते विचारण्याचे धैर्य झाले नाही. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं डोकं ठीक आहे," आणि पदराने डोळे पुसले. त्यानंतर मात्र त्या काकांशी बोलल्या, आणि तेही शिंप्यांना खालपर्यंत ऐकू गेले असावे. "सोमवारची सुट्टी मी घेऊन ठेवलीय. आता नाक दाखवायला चला!" संध्याकाळी गॅसजवळ वास आला की वाजणारे यंत्र भिंतीवर बसले. मी विमान उचलून माळ्याच्या शिडीपाशी गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "ते कुठे निघालं? सकाळी मी वर्गाला गेले की रंगव, आणि मी यायच्या आत खिडक्या उघड्या ठेव. आणि पुन्हा मला करपलेला कांदा खाऊ घालू नकोस."

ता. क. तिसरा. हे पत्र आठ-दहा दिवस टपालात टाकायचे राहिले, म्हणून एवढे आणखी कळवते. डॉक्टर म्हणाले, काकांचा वास परत येईलच असे सांगता येत नाही. तेव्हापासून काकू झाकण काढून काकांकडे बघत नाहीत. पहिल्या दिवशी काका नुसते ताटाकडे पाहत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मान वर न करता विचारले, "आज कसा आलाय गं वास?" काकूंनी डाव खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली: आधी काय येते, मग मागून काय येते, आणि अगदी शेवटी काय रेंगाळते. काका मधूनमधून शंका विचारत होते. काल हे इतके सविस्तर झाले की भाजी पार निवली, आणि आम्हां तिघांपैकी कोणीही ती गरम करायला उठले नाही.