गार पोळीचे गुण

शनिवार, मार्च २००६

संध्याकाळी सुनंदाचा फोन आला, गहू केंद्रातल्या माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणीचा. आम्ही दोघांनी संकर केलेलं वाण अखेर प्रसारित झालं. तांबेरा रोगाला दाद देत नाही म्हणाली. मी विचारलं, "आणि पोळी?"

"गार झाली तरी मऊ राहते."

तिथं केंद्रात प्रत्येक वाणाची पोळी गार करून, भाजीशिवाय खाऊन आम्ही गुण द्यायचो. किती कंटाळायचो त्या गार पोळीला. आज इथल्या भारतीय बाजारातल्या, लिटिल इंडियातल्या पिठाची पोळी मीच मुद्दाम गार होऊ दिली. लेक इथल्या लोकांसारखा हेल काढून म्हणाली, "बाबा, जस्ट ईट लाह." कोरडा घास चावत राहिलो. दहापैकी सहा गुण, फार तर.

आणि आमच्या पोळीला? काय सांगू. मी देश सोडून इकडे आलो तेव्हा त्या वाणाचे दाणे एका मुठीत मावत होते, आणि सगळे पेरायचे होते; दळायला एकही नव्हता.