सुनीलने उजेडाकडे धरलेला ग्लास

रविवार, १८ जानेवारी २००९, नाशिक

पुण्याहून आलेल्या नणंदेला वायनरी बघायचीच होती, म्हणून गेले. वीस वर्षं व्यसनमुक्तीवर गावोगाव बोलणारी मी, गंगापूर धरणाकडच्या त्या द्राक्षमळ्यात! आणि पर्यटकांना माहिती सांगायला कोण, तर सुनील. शाळेत वक्तृत्व स्पर्धेसाठी मी घडवलेला सुनील.

त्याने वाइनचा ग्लास उजेडाकडे धरला आणि गप्प राहिला. तीस-चाळीस माणसं श्वास रोखून उभी. तो विराम माझा आहे! "महत्त्वाच्या वाक्याआधी थांब, लोक आपणहून पुढे सरकतात," हे मीच त्याला शिकवलं. परवा माझ्या सभेतही लोक सरकले, पण दाराकडे.

तेवढ्यात त्याने मला पाहिलं. "मंडळी, ह्या आमच्या बाई. मला बोलायला ह्यांनीच शिकवलं." टाळ्या पडल्या. मग जवळ येऊन हळूच म्हणतो, "बाई, तुम्हाला द्राक्षाचा रस आणतो. घाबरू नका, साधाच आहे." मेला! आणि मी हसले.

वाइनचा राग आला असता तर मला शोभलं असतं. पण राग आला त्या शांततेचा. ती माझ्या वाट्याची होती. एक ग्लास उचलून त्याने ती मिळवली?

संध्याकाळी घरी आल्यावर काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि थांबले. पेपर वाचता वाचता ह्यांनी मान वर केली.

"गाळलेलंच आहे गं ते. पी."